टायमिंग बेल्ट तुटल्यावर

नौपाडा, ठाणे

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहीत आहे. रबाळ्याजवळ चालती गाडी एकाएकी बंद पडली आणि नंतर सेल्फ मारला तेव्हा इंजिन नेहमीसारखे जोर लावत न फिरता हलके, सुळकन फिरले, असे तू सांगितलेस. पट्टा निसटलेल्या शिवणयंत्राचे चाक असेच फिरते. तो आवाज मी ओळखते: इंजिनातला टायमिंग बेल्ट, म्हणजे दातेरी पट्टा, तुटला आहे. आपली पहिली गाडी माजिवड्याला अशीच थांबली होती आणि बोलावलेल्या मेकॅनिकने माझ्यासमोर तीन-चार वेळा सेल्फ मारून पाहिला. मला त्यातले काही कळत नव्हते, म्हणून मी त्याला थांबवले नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडले तेव्हा आठही व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, वाकलेले निघाले. त्यांतले किती पट्टा तुटताना वाकले आणि किती नंतर, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. म्हणून आता किल्ली फिरवू नकोस आणि गाडीला धक्काही मारू देऊ नकोस.

पिस्टन फिरवतात तो दांडा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी, हा मेळ तो दातेरी पट्टा राखतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडी गिअरमध्ये असल्यामुळे चाके क्रँक फिरवत राहून पिस्टन त्यांच्यावर आदळवतात. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यामधली जागा फारच थोडी असल्याने तिथे सुटका क्वचितच होते. काही इंजिनांत मात्र आधी रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्या, तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. आपल्या गाडीत काय झाले, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

तुर्भ्याच्या गॅरेजवाल्याचे ‘नवा बेल्ट टाकून चालू करून बघू’ हे म्हणणे म्हणूनच मान्य करू नकोस, आणि ‘इंजिन गेले, दुसरे बसवू’ हेही नाही. नवा पट्टा खुणा जुळवून बसवल्यावर पान्याने, हातानेच, क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्या घ्यायला सांग. कुठे अडले तर जोर लावायचा नाही. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती दाबली जाते ते, मोजायचे आणि इंजेक्टर काढून त्या भोकातून कॅमेऱ्याने आत पाहायचे. फेरी अडली किंवा कम्प्रेशन कमी भरले तरच हेड खोलायचे. मग व्हॉल्व्ह, गाइड, गॅसकेट आणि हेडचे बोल्ट नवे लागतील. पिस्टनवरच्या खुणा खोल नसतील, तर खालचे इंजिन बहुधा तेच चालते. साध्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत, तेव्हा ती आशा ठेवू नकोस.

तू पाठवलेल्या फोटोत पट्ट्याची एक कड कुरतडल्यासारखी दिसते आणि तिथून पांढरे धागे लोंबत आहेत. अशी झीज पट्टा ताणून धरणारा टेन्शनर किंवा पुली तिरकी चालल्याने होते, म्हणून टेन्शनर, पट्ट्याला वाट देणारी आयडलर पुली आणि त्याच पट्ट्यावर चालत असेल तर वॉटर पंपही बदलून घे. किलोमीटर कमी झाले आहेत म्हणून मी निश्चिंत राहिले, पण रबर वर्षांनीही कडक होते आणि मॅन्युअलमध्ये किलोमीटरबरोबर वर्षांचीही मुदत दिलेली असते. गाडी तुझ्या हाती देताना ती मी पाहायला हवी होती. चूक माझी आहे. खर्चातला अर्धा वाटा मी देईन.

शनिवारी सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला येते. तोवर हेड उघडू देऊ नकोस आणि जुना पट्टा कोणाला फेकू देऊ नकोस.

तुझी,
आई