दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या कॅप्टन सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले, तर तुम्ही "हां हां, बरं बरं" करत विषय फोंड्याच्या पावसावर नेलात. म्हणून आता हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बाळंतपणानंतर पुन्हा उडायचं ठरवलं, तेव्हा डिचोलीत आमच्या अर्ध्या वाड्याने आधीच निकाल लावून टाकला होता. "पुरे झालं आता विमान, पोर बघ." त्यांचा मला राग नाही. त्यांचा विमानाशी संबंध म्हणजे कुणाला तरी मोपाच्या विमानतळावर सोडायला जाणं, एवढाच. राग आहे तो आपल्याच धंद्यातल्या माणसांचा. आधी एका ट्रेनिंगला मी दूध काढायला जागा विचारली, तर तिथल्या मॅडमनी कागदावरची नजरही न काढता सांगितलं, "वॉशरूम आहे ना." एका सीनियरने तर फार काळजीने मला ऑफिसातलं काम सुचवलं. असल्या काळजीला काय म्हणतात ते आम्हा डिचोलीकरांना चांगलं ठाऊक आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

आणि हीच मंडळी महिला दिनाला स्टेजवर असतात. भारतात वैमानिकांमध्ये बायका साधारण १५ टक्के, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे, हे दरवर्षी ऐकायला मिळतं. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्त्याहून सिलचरला फोकर फ्रेंडशिप विमान नेलं, क्रू सगळा बायकांचा, तेही भाषणात येतं. यायलाच हवं. बाबांनी लहानपणी तेच सांगून सांगून माझ्या डोक्यात विमान भरवलं. पण त्या १५ टक्क्यांनी दूध कुठे काढायचं, ते कुठल्या भाषणात येत नाही. कायद्याने २६ आठवड्यांची रजा दिली, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायला सुट्टीही दिली. ती घ्यायची कुठे? पस्तीस हजार फुटांवर?

बेंगळुरूला तुम्ही मला ट्रेनिंग देत होतात, त्या रात्रीचं तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. स्लॉट मध्यरात्रीनंतरचा, सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं सरावाचं नकली विमान, काही झोपत नाही, त्यामुळे आपणही नाही. बाळ आईजवळ हॉटेलवर. ब्रीफिंगच्या वेळी माझ्या फ्लाइट बॅगेशेजारची बर्फाची छोटी पिशवी तुम्ही पाहिलीत आणि एवढंच विचारलंत, "ही कधी लागेल?" मी सांगितलं. तुम्ही वहीत टिपून घेतलंत, जसं इंधन लिहून घेतात तसं, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलात.

अर्धं सेशन संपल्यावर माझ्या जोडीच्या त्या कोवळ्या पोराला तुम्ही चहाला पिटाळलंत. ब्रीफिंग रूमच्या दाराला मध्ये काचेची उभी पट्टी होती. त्यावर तुम्ही आमच्याच सरावाचा कागद लावलात, चिकटपट्टी दाताने तोडून. मग आतली एक खुर्ची उचलून बाहेर नेलीत आणि जाता जाता मराठीत म्हणालात, "बाय, घाई करू नको. मी बाहेर बसलोय." तोवर सगळं इंग्रजीत चाललं होतं.

पंपाची घरघर चालू असताना बाहेर कुणी तरी खोली मागायला आलं. तुमचा आवाज आला, "आत ब्रीफिंग चाललंय." त्याने पुन्हा काही विचारलं. तुम्ही तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. नेव्हीत इतकी वर्षं काढलेला माणूस दारात बसल्यावर तिसऱ्यांदा कोण विचारतो! मी आत हसत होते आणि रडतही होते, दोन्ही एकदम.

नंतर माझी पाळी आली तेव्हा तुम्ही तसूभरही सूट दिली नाहीत, हेही लिहायलाच हवं. वी-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण थांबवता येत नाही नेमकं तिथे, एक इंजिन घालवलंत. पाय रडरवर, नाक सरळ, गिअर वर, चारशे फुटांपर्यंत दुसऱ्या कशाला हात नाही. मग आडव्या वाऱ्यात एकाच इंजिनावर उतरायला लावलंत. शिवाय फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, जरा लवकर झाला म्हणून ऐकवलंतही. ते ऐकताना मला किती बरं वाटलं असेल, याची तुम्हाला कल्पना नाही. कुणी माझी कीव करत नव्हतं.

चांगली माणसं चांगुलपणा करताना बहुधा दुसरंच काही करत असल्याचं दाखवतात. तुम्ही मोबाईल बघत असल्याचं दाखवत होतात. त्या पोराने मला परवा सांगितलं, "मॅडम, सरांचा फोन तर उलटा होता." तो आता स्वतःच्या बॅचमधल्या मुलींसाठी खोली रिकामी आहे का ते आधी बघून ठेवतो म्हणे. त्याला हे कुणी शिकवलं नाही, त्याने फक्त पाहिलं.

पोर आता पेज खातं आणि वरून विमान गेलं की बोट दाखवतं, मग ते कुणाचंही असो. चवथीला फोंड्याला याल तेव्हा एक दिवस डिचोलीसाठी काढा. आईने नेवऱ्यांचा एक डबा तुमच्या नावाचा वेगळा काढून ठेवायचं ठरवलंय, आणि ती पावसाच्या गप्पांना भुलणारी नाही.

आपली नम्र,
डिचोलीची फर्स्ट ऑफिसर