कौलं परतून झाली

डिचोली, २ जून

ती. आई-बाबांस शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. आजीला हातात कागद लागतो म्हणून लिहितेय. तिच्या लेखी गोवा अजून परदेशच. १९६१ पर्यंत होताही, त्यामुळे मी वाद घालत नाही.

परवा फोनवर ऐकू आली ती ठोकाठोक छपराची. मृग लागायच्या आत इथली माणसं घरावर चढतात, चांगली कौलं उचलतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात! नळे, म्हणजे जुनी अर्धगोल कौलं, जाऊन मंगलोरी कौलं आली त्याला जमाना झाला, तरी म्हणायचं 'नळे परतणे'च. मला आधी खुळेपणा वाटला. पण इथे शंभर इंचांच्या वर पाऊस. वाऱ्यानं, माकडांच्या उड्यांनी बोटभर सरकलेलं कौलही पुरतं. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत अंधार करायचा आणि वर बघायचं. उजेडाचा ठिपका दिसला की रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, मोजून जागा धरायची. मग कौल बोटानं वाजवायचं. खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर गेलेली. दोन उतार मिळतात त्या पन्हाळीतून टोपलीभर कुजका पाला निघाला. एका कौलावर १८६५ चा छाप होता. घरमालकीण काकी ते कौल तेवढं जुनं म्हणून मिरवतात. ते साल मंगळुरातला कारखाना सुरू झाल्याचं, पण मी गप्प बसले.

आई, मी वर चढले नव्हते. शिडीवरून कौलं दिली फक्त. शेवटी आढ्यापर्यंत एकदाच गेले, तेही खाली रीप कुठे आहे ते बघून पाय टाकत. आणि बाबा टाकीवर उभे राहून डांबर फासतात ते चालतं का?

आजीच्या खोलीवरच्या स्लॅबसाठी पंचवीस हजार म्हटले होते, पंधरा पाठवलेत. बाकीचे गणपतीत, नक्की. गवंडी तोवर थांबेल, पाऊस थांबणार नाही, कळतंय मला.

पंढरपूरच्या स्थळाला नाही कळवू नका, हो तर अजिबात नको. मुलगी बार्शीकडे परत येणार का, असं विचारतात म्हणे. दिवाळीत येतेय, तेव्हा बघू.

गळतं तिथे पातेलं ठेवाल त्यात जुना टॉवेल घाला. टपटप आवाजानं आजीला झोप लागत नाही.

तुमची,
मनू