कोनशिलेवर आर्किटेक्टचं नाव का नसतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी इमारतीच्या उद्घाटनाची बातमी आपल्या अंकात वरचेवर असते. फीत कापणारे मंत्री, व्यासपीठावरचे आमदार-खासदार, किती कोटी खर्च झाला, ठेकेदाराचा सत्कार, सगळं त्यात येतं. इमारत ज्याच्या डोक्यातून आणि कागदावरून उभी राहिली त्याचं नाव मात्र ना बातमीत असतं, ना कोनशिलेवर. घरच्या वास्तुशांतीला गवंड्या-सुतारांना टॉवेल-टोपीचा आहेर केल्याशिवाय आपण पंगत उठू देत नाही. मग गावाच्या पैशातून बांधलेल्या वास्तूच्या वेळीच हा विसर का पडतो?

उदाहरण आपल्या मातीतलंच देतो. मालवण तालुक्यातलं आचरा म्हटलं की लोकांना गावपळण, म्हणजे सगळं गाव काही दिवस वेशीबाहेर राहायला जाण्याची प्रथा, आठवते. आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली याच आचऱ्यात झाला, हे कोकणातसुद्धा किती जणांना ठाऊक असेल? वडील चित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली शिक्षण झालं, सरकारने पुढे हार्वर्डला पाठवलं, तिथे आधुनिक वास्तुकलेचे एक प्रणेते वॉल्टर ग्रोपियस हे गुरू लाभले. १९४७ मध्ये परत आल्यावर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेमध्ये प्रयोगशाळांच्या इमारतींचं काम, आणि १९५५ पासून शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत स्वतःची फर्म. अहमदाबादच्या 'अटीरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची इमारत ही त्यांची सुरुवातीची रचना, ग्रोपियसच्या शिष्याला शोभेल अशी साधी, सरळ रेषांची. कानविंदे तिथेच थांबले असते तर परदेशातून शिकून आलेल्या अनेकांपैकी एक ठरले असते.

ते थांबले नाहीत हे कानपूर आयआयटीत दिसतं. माझ्या नोकरीची काही वर्षं त्या शहरात गेली, कामानिमित्त त्या आवारात जाणं व्हायचं. मे महिन्यात दुपारी तिथे 'लू' म्हणजे भाजणारा गरम वारा सुटतो तेव्हा डोक्याला पंचा गुंडाळूनही जीव नकोसा होतो. कानविंद्यांनी तिथल्या शैक्षणिक इमारती वरच्या मजल्याच्या उंचीवरून जाणाऱ्या मार्गांनी एकमेकींना जोडल्या. वर्गातून प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतून ग्रंथालयात जाणारा मुलगा सावलीतून चालतो, गाड्यांचा रस्ता वेगळा राहतो. इमारतीही तशाच: काँक्रीटचा सांगाडा उघडा, मधे विटांची भिंत, तीही गिलाव्याशिवाय. गिलावाच नाही, तर त्याचे पोपडे कुठून निघणार? दर दोन-तीन वर्षांनी रंगाचं टेंडर काढण्याची सवय असलेल्यांना ही कल्पना फारशी आवडणार नाही, हे मी समजू शकतो.

त्या संस्थेचे पहिले संचालकही मराठीच, डॉ. पु. का. केळकर. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे.

गुजरातमधल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत कानविंदे आणखी पुढे गेले. डेअरी म्हणजे बॉयलर, वाफ, उष्णता. गरम हवा वर खेचून बाहेर टाकणाऱ्या उभ्या नळ्या त्यांनी लपवल्या नाहीत, काँक्रीटच्या मनोऱ्यांसारख्या छपरावर उठवल्या. कारखान्याला चेहरा मिळाला तो त्याच्या गरजेतून. वरून चिकटवलेल्या नक्षीतून नव्हे.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र घ्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे जातात. १९८५ मध्ये त्याचं उद्घाटन राजीव गांधींनी केलं हे माहितीपत्रकात सापडतं. रचना कानविंद्यांची, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. (जवळच्या गोल मनोऱ्याच्या नेहरू सेंटरशी त्याची गल्लत होते. ती इमारत आय. एम. काद्री यांची.)

वर्तमानपत्रांत आर्किटेक्टचं नाव येतं, नाही असं नाही. इमारत पाडली, पाडायला निघाले किंवा कोसळली की येतं. २०१७ मध्ये दिल्लीतलं 'हॉल ऑफ नेशन्स' हे प्रदर्शनगृह रातोरात जमीनदोस्त झालं तेव्हा राज रेवल सगळीकडे छापून आले. अहमदाबादच्या आयआयएमने २०२० च्या अखेरीस जुनी वसतिगृहं पाडायची ठरवली तेव्हा त्यांचे अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान आठवले. २०२३ मध्ये पणजीच्या कला अकादमीत दुरुस्ती चालू असताना खुल्या रंगमंचाचं छप्पर पडलं आणि चार्ल्स कोरियांचं नाव घराघरांत पोचलं. म्हणजे आपल्याकडे आर्किटेक्टची ओळख होते ती बहुधा श्रद्धांजलीतून!

गंमत अशी की खासगी बिल्डरला ही सूट नाही. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यानुसार प्रकल्पाच्या नोंदणीतच आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावं द्यावी लागतात. दोन खोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्याला ती वाचता येतात. जिल्हा रुग्णालय किंवा तहसील कचेरी आपल्याच करातून उभी राहते, तिची रचना कोणाची हे शोधायला मात्र माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की बऱ्याच इमारतींचे नकाशे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या वास्तुशास्त्रज्ञांच्या कार्यालयातच होतात, मग सरकारी नोकराचं नाव कशाला? मला तर तिथेच नावाची जास्त गरज वाटते. चांगलं काम केलेल्या माणसाला त्याचं श्रेय मिळेल, आणि विदर्भातल्या कचेरीला पश्चिमेकडे अख्खी काचेची भिंत लावून आत चार एसी बसवणाऱ्यालाही आपलं नाव बाहेर दगडावर कोरलेलं दिसेल. असे काचेचे आणि चकचकीत पत्र्याचे दर्शनी भाग हल्ली तालुक्यातालुक्यांत उगवले आहेत. एप्रिलमध्ये तिथे दाखल्यासाठी रांगेत उभं राहून बघावं.

सरकारने एक साधं परिपत्रक काढावं: प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या कोनशिलेवर आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर या दोघांची नावं मान्यवरांच्या यादीखाली का होईना, कोरायची. दगडावर जागा कमी पडत असेल तर 'प्रमुख उपस्थिती'तली दोन-चार नावं गाळता येतील. आपल्या वार्ताहरांना तर परिपत्रकाचीही वाट बघायला नको. पुढच्या उद्घाटनाच्या वेळी त्यांनी एक प्रश्न जादा विचारावा आणि येईल ते उत्तर बातमीत छापावं. 'माहीत नाही' असं उत्तर आलं, तर तेही छापावं.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे