आमच्या कुलचिन्हासाठी, ताई, मनापासून आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आमचं कुलचिन्ह, म्हणजे घराण्याची ओळख सांगणारी ढाल आणि तिच्यावरची चित्रं, तुम्ही पूर्ण करून दिलंत. घरातल्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, अशा याद्या कुठेही मिळतात. तुम्ही त्या बाजूला ठेवल्यात आणि आधी विचारलंत, "घरातली माणसं पोटापाण्यासाठी काय करायची?" रंगांना सर्वमान्य अर्थ कधीच नव्हता, तो ज्याचा त्याने द्यायचा, हे तुमच्यामुळे कळलं.

पणजोबा विहिरी खोदायचे. त्यांच्यासाठी ढालीच्या तळाशी पांढऱ्या-निळ्या लाटांचं वर्तुळ आलं. युरोपातल्या ढालींवर झरा किंवा विहीर अशीच दाखवतात. आजी सुईण. रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघायची, म्हणून काळ्या ढालीवर सोनेरी कंदील. तो लाल केला असता तर नियम मोडला असता: रंगावर रंग नको आणि धातूवर, म्हणजे सोनेरी-चंदेरीवर, धातू नको. लांबूनही ढाल ओळखू येते ती यामुळेच.

आजोबा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. तुम्ही चंदेरी खिळा काढलात आणि त्यावरचा 'अ' उलटा ठेवलात. तो सुलटा करा, असं घरात बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. तुम्ही ठाम राहिलात, फार बरं केलंत! खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. शिवाय ढालीची उजवी बाजू ही ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते. मानाची बाजूही तीच. जन्मभर उलटी अक्षरं वाचणाऱ्या आजोबांना तुम्ही नेमकी ती जागा दिलीत. ते बघून वडिलांचे डोळे भरून आले.

लेकीच्या ढालीचाही तुम्ही विचार केलात. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत थोरल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मुलासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत, मुलींसाठी तशी क्रमवारी नाही. कॅनडात 1988 मध्ये स्वतंत्र कुलचिन्ह संस्था स्थापन झाली. तिथल्या पद्धतीत मुलींनाही खुणा आहेत, थोरलीला बदाम, म्हणजे पत्त्यांतल्यासारखा हृदयाचा आकार. तोच तुम्ही तिच्यासाठी घेतलात.

चित्रासोबत दिलेल्या शब्दवर्णनासाठी वेगळे आभार. चित्र हरवलं, फाटलं तरी त्यावरून कुणीही चित्रकार ढाल पुन्हा काढू शकेल. धाकट्या भावाला आता त्याची, म्हणजे दुसऱ्या मुलाची खूण असलेली, चंद्रकोर हवी आहे. तो या आठवड्यात तुम्हाला फोन करेल.

आपला ऋणी