आधी लावून दाखवा, मग बिल करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्रामबागेत मी बावीस वर्षं गाण्याचा क्लास चालवते. तासगाव, विट्याहून येणाऱ्या मुलींना घरी रियाजाला उपयोगी पडावेत म्हणून पलटे आणि बंदिशी लॅपटॉपवर नीट रेकॉर्ड करून द्यायचं यंदा ठरवलं. माइक आणि लॅपटॉपच्या मधे आवाजाचे आकडे करून देणारा जो डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, लागतो, तो घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले, एक यूएसबीचा, एक थंडरबोल्टचा; लॅपटॉपला जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती. "मॅडम, घ्यायचा तर थंडरबोल्टच. यूएसबीत आवाज उशिरा येतो." लॅपटॉप कुठला, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

घरी वायर पोर्टात चपखल बसली. पण लॅपटॉपला डबा काही दिसेना! रविवारी भाचा आला, त्याने पोर्टाजवळ विजेची खूण शोधली, ती नव्हती. मग मॉडेलची माहिती काढली, त्यातही थंडरबोल्ट नाही. २०१५ साली आलेल्या थंडरबोल्ट ३ पासून त्याचा आणि यूएसबी-सीचा आकार एकच आहे, आतली सोय मात्र वेगळी. काही डबे दोन्हीवर चालतात, माझा चालणारा नव्हता. (भाच्याकडे फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीचा डबा आहे. डब्यात दोष काही नाही, पण नव्या लॅपटॉपला ते पोर्टच येत नाही, म्हणून तो कपाटावर धूळ खातोय.) दुकानात आठवडाभर हेलपाटे घातले. "उघडलेला माल परत घेत नाही" हे ऐकून घेतलं. शेवटी दोन हजार कापून यूएसबीचा डबा मिळाला.

आणि तो पुरतो. दोन माइक, प्रत्येकाच्या आवाजाची सेकंदाला ४८ हजार मोजमापं, दर मोजमापाला २४ बिट, याचा गुणाकार केला तर सेकंदाला २३ लाख बिट होतात. साध्या यूएसबी २.० ची क्षमता ४८ कोटींची. हळदीचं एक पोतं आणायला मार्केट यार्डात दहाचाकी ट्रक कोण नेतं? वीसेक माइक लावून अख्खा वाद्यवृंद रेकॉर्ड करणाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल.

उशिराचं म्हणाल तर तो अनुभव मलाही आला. हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून यायचा आणि तान समेवर येईना. कारण सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी आवाजाची किती मोजमापं साठवायची तो आकडा, १०२४ वर होता, म्हणजे नुसत्या जाण्यातच २१ मिलिसेकंद, परत यायचे वेगळे. १२८ केल्यावर ते पावणेतीनच्या आत आलं. शिवाय डब्यावरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो. हे बटण दुकानात कुणी दाखवलंच नाही.

मला खरा त्रास झाला तो गुणगुणीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० आणि १०० वर बसते. मी काळी पाच या पट्टीत गाते, तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, ११६ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे माझ्या तानपुऱ्याखाली दुसराच कुणीतरी बेसूर तानपुरा छेडत बसलेला! दोन दिवस वायरी बदलल्या, माइकला दोष दिला. चार्जर काढला आणि तो माणूस उठून गेला. आमच्या जुन्या घरात अर्थिंग नावालाच आहे. आता बॅटरीवरच रेकॉर्डिंग करते आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलंय. तो अजून उगवायचाय.

इथून मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझा तानपुरा तिथलाच. घेताना कारागिराने मला आधी गायला लावलं, माझी पट्टी ऐकली, जवारी, म्हणजे तारेची झंकार, जुळवायला तारेखालचा दोरा माझ्यासमोर सरकवून दाखवला, मी मान डोलावल्यावर पैसे घेतले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांनी यातलं निम्मं करावं. गिऱ्हाइकाला "लॅपटॉप घेऊन या" म्हणावं, एक नमुन्याचा डबा काउंटरवर उघडा ठेवावा, जोडून दाखवावा आणि डबा कोणत्या पोर्टावर चालतो हे बिलावर लिहावं. आपल्या वृत्तपत्रातून ही विनंती सांगली-मिरजेच्या दुकानदारांपर्यंत पोहोचावी. माझे दोन हजार गेले ते गेले. पण पुढच्या महिन्यात माझ्या दोन विद्यार्थिनी असाच डबा घ्यायला निघाल्या आहेत.

आपली,
एक गायनशिक्षिका,
विश्रामबाग, सांगली