आयर्लंडमध्ये शस्त्रे सर्वांत शेवटी गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने शस्त्रे टाकली आणि त्यामुळे समझोता शक्य झाला, असा त्या लेखाचा सूर आहे. घटनांचा क्रम याच्या उलट आहे. बेलफास्टचा हा करार १० एप्रिल १९९८ रोजी झाला, तर आयआरएची शस्त्रे पूर्णपणे निकामी झाल्याचे जाहीर झाले ते २६ सप्टेंबर २००५ रोजी. मधल्या साडेसात वर्षांचा हिशेब केल्याशिवाय या कराराचे मोल कळत नाही आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही कळत नाही.

'आधी शस्त्रे, मग चर्चा' हा मार्ग ब्रिटिश सरकारने चोखाळून पाहिला होता. ऑगस्ट १९९४ मध्ये आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. त्यानंतर मार्च १९९५ मध्ये ब्रिटिश मंत्री पॅट्रिक मेह्यू यांनी अशी अट घातली की, आयआरएशी जोडलेल्या शिन फेन या राजकीय पक्षाला चर्चेत बसायचे असेल तर काही शस्त्रे तरी आधी प्रत्यक्ष निकामी झाली पाहिजेत. अमेरिकेचे जॉर्ज मिचेल यांच्या समितीने जानेवारी १९९६ मध्ये ही अट व्यवहार्य नसल्याचे सांगून चर्चा आणि शस्त्रत्याग सोबतच चालावेत, असे सुचवले. पुढच्याच महिन्यात लंडनच्या डॉकलँड्स भागात आयआरएने बॉम्बस्फोट घडवला, त्यात दोघांचा बळी गेला आणि शस्त्रसंधी मोडली. एका अटीमुळेच बॉम्ब फुटला असे म्हणणे म्हणजे बॉम्ब ठेवणाऱ्यांची जबाबदारी हलकी करणे होईल. तरीही त्या अटीने एकही बंदूक हाती लागली नाही, हे खरे.

१९९८ च्या करारात या प्रश्नावर जे लिहिले गेले, ते जाणूनबुजून सैल ठेवलेले होते. सार्वमतानंतर दोन वर्षांत सशस्त्र संघटनांची सर्व शस्त्रे निकामी व्हावीत यासाठी पक्षांनी आपले असेल तेवढे वजन वापरावे, एवढेच बंधन त्यात होते. मुदत चुकली तर काय, याचे उत्तर नव्हते. उलट कैद्यांच्या सुटकेची कलमे पक्की होती. २००० च्या उन्हाळ्यापर्यंत चारशेहून अधिक कैदी बाहेर आले, त्यांत खुनाची शिक्षा भोगणारेही होते. ज्यांच्या घरातील माणसे मारली गेली होती, त्यांना मारेकरी रस्त्यावर दिसत होते आणि बंदुका मात्र जमिनीखाली तशाच होत्या. मे १९९८ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमधील ७१ टक्के मतदारांनी कराराला कौल दिला होता. मात्र ब्रिटनशी नाते टिकवू इच्छिणाऱ्या युनियनिस्ट समाजाचा विश्वास हळूहळू आटत गेला, त्याचे कारण हेच.

याचा सर्वाधिक भार अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांनी उचलला. शस्त्रे नाहीत तर सरकार नाही, ही आपली भूमिका बाजूला ठेवून ते डिसेंबर १९९९ मध्ये शिन फेनसोबत सरकारमध्ये गेले. पक्षाची समजूत घालण्यासाठी त्यांना पुढची तारीख टाकलेला राजीनामा आधीच लिहून द्यावा लागला. फेब्रुवारी २००० मध्ये ब्रिटिश सरकारने ते सरकार स्थगित केले. त्यानंतर फिनलंडचे मार्टी अहतिसारी आणि दक्षिण आफ्रिकेचे सिरिल रामाफोसा या दोन त्रयस्थांनी आयआरएची काही कोठारे पाहिली आणि तिथली शस्त्रे वापरली गेल्यास ते लक्षात येईल अशी व्यवस्था केली. शत्रूच्या हाती शस्त्र न देता ते वापराबाहेर ठेवण्याची ही युक्ती मला संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत शहाणपणाची वाटते. शरणागतीचा शब्द कोणालाच उच्चारावा लागला नाही. पहिली शस्त्रे प्रत्यक्ष निकामी झाली ती ऑक्टोबर २००१ मध्ये.

या गुप्ततेचा तोटाही झालाच. ऑक्टोबर २००३ मध्ये शस्त्रत्याग आयोगाचे प्रमुख, कॅनडाचे जनरल जॉन द शस्तलेन, पत्रकारांसमोर आले खरे, पण आयआरएशी ठरलेल्या गोपनीयतेमुळे नेमकी किती आणि कोणती शस्त्रे नष्ट झाली, हे त्यांना सांगता येईना. पुढच्याच महिन्याच्या निवडणुकीत इयन पेस्ली यांचा कडवा पक्ष युनियनिस्टांमध्ये पहिला ठरला. जॉन ह्यूम यांनी दीर्घकाळ नेतृत्व केलेल्या एसडीएलपी या मवाळ आयरिश राष्ट्रवादी पक्षालाही शिन फेनने मागे टाकले. ट्रिंबल आणि ह्यूम यांना शांततेचे नोबेल मिळून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पेस्ली यांनी २००४ मध्ये शस्त्रत्यागाची छायाचित्रे मागितली. आयआरएने ती नाकारली आणि जुळत आलेला समझोता फिसकटला. मे २००५ मध्ये ट्रिंबल स्वतः ब्रिटिश संसदेतील जागा हरले. त्यांनी ज्यासाठी एवढे सोसले, ते त्यानंतर चारच महिन्यांनी घडले. एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू साक्षीदार होते, छायाचित्र मात्र एकही निघाले नाही.

मे २००७ मध्ये त्याच पेस्ली यांनी शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस यांच्या जोडीने सरकार स्थापन केले. आयआरएची शस्त्रे गेल्याखेरीज आणि शिन फेनने नव्या पोलीस दलाला मान्यता दिल्याखेरीज हे घडले नसते, त्यामुळे शस्त्रत्यागाचा आग्रहच चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. त्यासाठी चर्चेच्या दारातच अडवून धरणे चुकीचे होते, एवढेच म्हणायचे आहे.

आणखी एक त्रुटी दाखवतो. आपल्या लेखात ब्रिटननिष्ठ सशस्त्र संघटनांचा उल्लेखच नाही. शेकडो लोकांचे, त्यांतही मुख्यतः सामान्य कॅथलिक नागरिकांचे बळी घेणाऱ्या यूव्हीएफने शस्त्रे निकामी केल्याचे २००९ मध्ये, तर यूडीएने २०१० मध्ये जाहीर केले, म्हणजे आयआरएनंतर चार-पाच वर्षांनी. त्यांच्यासाठी कोणाचे सरकार अडले नव्हते आणि छायाचित्रांचा हट्टही कोणी धरला नव्हता. या संघटना आजही विसर्जित झालेल्या नाहीत. वस्त्यांमधली त्यांची खंडणी आणि दहशत कशी संपवायची, याचा आढावा घेण्यासाठी २०१७ मध्ये वेगळा आयोग नेमावा लागला.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर