मा. संरक्षणमंत्र्यांस खुले पत्र : शिकवणारा आणि पास करणारा वेगळा असू द्या

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

'अरिहंत' या अणुपाणबुडीच्या जोडीला २९ ऑगस्ट २०२४ रोजी 'अरिघात' नौदलात दाखल झाली. पाणबुड्या वाढल्या की अणुभट्टीच्या पॅनेलपुढे बसणारी माणसंही वाढवावी लागतात. घाई होते ती इथेच.

व्यापारी जहाजावर मी उमेदवार होतो तेव्हाची गोष्ट. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची, म्हणजे गेज ग्लासची, पाण्याकडची वाट गाळाने तुंबली, तरी काचेत पाणी दिसत राहतं. आत बॉयलर कोरडा पडलेला असतो. म्हणून दर वॉचला, म्हणजे पाळीला, कॉक उघडून ग्लास ब्लो करून, म्हणजे फुंकून साफ करून, बघायचा. माझ्या ट्रेनिंग बुकात त्या कामापुढे सही झाली ती मेसमध्ये, चहा पिता पिता. कॉकला माझा हातही लागला नव्हता. उमेदवार सही करणाऱ्यांचाच, परीक्षकही तेच, आणि जहाजही उद्याच सुटायचं होतं!

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी काटाच फसवा निघाला. भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणारा प्रेशरायझर भरलेला दिसला म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. प्रत्यक्षात उघडी अडकलेली झडप पाणी बाहेर टाकत होती आणि इंधनाचा गाभा उघडा पडत होता. ही माणसं अमेरिकी नौदलाच्या अणुशाखेत तयार झालेली. प्रेशरायझर काठोकाठ भरू द्यायचा नाही, हे तिथे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांचं शिक्षण कच्चं नव्हतं, एकाच बाजूने पक्कं होतं. त्याच नौदलाच्या चार्ल्सटनच्या प्रशिक्षण केंद्रात २०१४ साली कॉपी उघड झाली, तीही प्रशिक्षकांची.

तारापूरच्या नियंत्रणकक्षात बसायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. संरक्षणाच्या अणुभट्ट्या त्या मंडळाच्या कक्षेबाहेर आहेत. गुप्तता मान्य, कल्पक्कमला जमिनीवर असलेल्या पाणबुडीच्या नमुना-भट्टीत काय शिकवतात, ते मी विचारत नाही.

मागणं एकच. परीक्षक प्रशिक्षण देणाऱ्यांच्या साखळीबाहेरचा हवा, मग तो अणुऊर्जा विभागातला का असेना. त्याने 'नापास' लिहिलं, तर गस्तीचं वेळापत्रक पुढे करून ते कोणाला बदलता येऊ नये. आणि परीक्षेत एक तरी काटा त्याने मुद्दाम खोटा दाखवावा.

असा नियम आहे, इतकंच लोकसभेत सांगा. कितीजण पास झाले, ते नको.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनियर, रत्नागिरी